मामांचं क्लॅरोनेट : रीड बसवताना नक्की कुठं चुकतंय?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे. पण बारीकसारीक सांगितल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. उंब्रज, मसूर, पाटण, लगीनसराईत रोज एक गाव. गेल्या दिवाळीत मामा गेले. वर्षश्राद्धाला मामींनी त्यांच्या क्लॅरोनेटची पेटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "लहानपणी तूच बसायचीस त्यांच्या शेजारी, तूच ने." मी प्राथमिक शिक्षिका आहे. बाजाच्या पेटीवर शाळेची प्रार्थना वाजवते, तेवढंच माझं संगीत. फुंकायचं वाद्य कधी हातात धरलेलं नव्हतं.

मामांच्या पेटीत निघालं ते असं : वाद्याचे पाच भाग, तपकिरीच्या डबीत पाच जुन्या रीड्स (फुंकलं की थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्ट्या; काळपट पडलेल्या, दोघींची टोकं तुटलेली) आणि एक पितळी लिगेचर, म्हणजे रीड जागेवर आवळून धरणारं कडं. लिगेचरला दोन स्क्रू असायला हवेत. वरचा आहे, खालच्याच्या जागी तार पिळून बांधली आहे. माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा चोचीसारखा भाग, काळा, आणि चोचीच्या वरच्या बाजूला मामांच्या दातांच्या दोन खुणा. नख अडकेल इतक्या खोल.

नवीन रीड्स मी ऑनलाइन मागवल्या, ३ नंबरच्या. १ ते ५ यांतला मधला नंबर म्हणून ३. व्हिडिओ बघून बसवल्या. तीन आठवडे रोज संध्याकाळी प्रयत्न करते आहे. एक तर नुसती हवा जाते, सूं सूं. नाही तर एकदम चिरकतं, कानठळ्या बसतील असं. मधलं काहीच नाही. गाल दुखतात, डोकं जड होतं. माझा दमच कमी आहे का?

विचारायचंय ते हे. आधी रीड ठेवायची की आधी लिगेचर चढवायचं? रीड माउथपीसच्या टोकाच्या किती वर-खाली? स्क्रू कुठल्या हाताला? आणि हा माउथपीस बदलायला हवा का? बदलू नये असं मन सांगतंय, पण हट्टापायी चुकीचं शिकायचं नाही.

यवतेश्वर घाट (सातारा)

ताई, शाळेच्या बँडमध्ये सहा वर्षं वाजवलंय, त्यावरून सांगतो. ३ नंबर नवशिक्याला जड जातो. २ किंवा अडीच घ्या. माउथपीसचं म्हणाल तर यामाहाचा ४सी घ्या, शिकायला सगळीकडे तोच देतात. टोकाची फट (रीडच्या आणि माउथपीसच्या टोकांमधली) साधारण १ मिलिमीटर, फुंकायला सोपा. मामांचा जपून ठेवा.

आणि एक कळकळीनं सांगतो, जुना माउथपीस स्वच्छ करताना गरम पाणी अजिबात वापरू नका. मी वापरलं होतं. असे माउथपीस बहुतेक एबोनाइटचे असतात, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. काळाभोर माउथपीस पाच मिनिटांत हिरवट-तपकिरी झाला आणि फटाक्याच्या दारूसारखा वास सुटला. रंग परत आला नाही. कोमट सुद्धा नको, नळाचं गार पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकं, बस.

काळीपाच (सांगली)

ताई, मी ३४ वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. सांगली, तासगाव, विटा, जत, आणि अनंत चतुर्दशीला मिरजेत कमानींखालून रात्रभर. नाव काळीपाच घेतलंय कारण आपलं हे वाद्य बी-फ्लॅटचं. त्यावर ज्याला 'सी' म्हणतात तो वाजवला की तुमच्या पेटीवर काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, लागते. पुढं पेटीबरोबर सूर मिळवायला बसाल तेव्हा हे लक्षात ठेवा, नाही तर आपलंच चुकतंय असं वाटत राहील.

पहिली गोष्ट, तुमचा दम कमी नाही. तान्ह्या लेकराला झोपवताना गुणगुणण्याइतका दम क्लॅरोनेटला पुरतो. दोष आहे तो रीड आणि माउथपीस जिथं एकमेकांना भेटतात त्या जागेत.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. तासगावकडचं लग्न. शेवटची मंगलाष्टका संपली, अक्षता पडल्या आणि बँड उठला. त्या क्षणी माझं क्लॅरोनेट असं चिरकलं की नवरदेवानं मान वळवून बघितलं. मी वरातभर ओठ आवळून वाजवत राहिलो, जेवढं आवळावं तेवढं जास्त चिरके. बँडचे मास्तर वरातीत काही बोलले नाहीत. रात्री पंगत उठल्यावर त्यांनी माझा माउथपीस काढून घेतला, गॅसबत्तीपुढं आडवा धरला आणि म्हणाले, "बघ." रीड डावीकडं कलली होती. किती? शिवायच्या दोऱ्याएवढी. उजव्या बाजूला काळी कड उघडी पडली होती आणि डावीकडं रीडचं पान कडेच्या बाहेर आलं होतं. मास्तरांनी अंगठ्यानं नुसतं लोटलं, स्क्रू पिळला, आणि तेच वाद्य मधासारखं बोललं. तेव्हापासून आजवर मी उजेडापुढं धरून बघितल्याशिवाय माउथपीस तोंडात घेतलेला नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. पेटीवरचा मधल्या सप्तकातला 'ए', म्हणजे पांढरी सहा, ४४० ला मिळवलेला असतो. तोच सूर क्लॅरोनेटवर काढला की रीड सेकंदाला ४४० वेळा माउथपीसच्या तोंडाशी उघडते-मिटते. दार चौकटीत सरळ बसलं असेल तरच ते नीट मिटेल. एक कड आधी टेकली आणि दुसरी मागाहून, तर रीडला मूळ सूर धरता येत नाही, ती उडी मारून वरच्या सुरावर जाते. ती उडी म्हणजेच तुमचं चिरकणं.

आता बसवायचं कसं. रीड आधी ओली करा. जाड बुडासकट पूर्ण तोंडात धरा किंवा वाटीभर पाण्यात ठेवा, मिनिट-दीड मिनिट. पातळ टोकाला सुरकुत्या दिसत असतील तर त्या जाईपर्यंत. तोवर माउथपीसच्या बुचाला ग्रीस लावून तो बॅरलमध्ये (माउथपीसच्या खालच्या आखूड जोडात) फिरवत फिरवत बसवा, दाबून नको. सपाट बाजू आपल्याकडं करून धरा. लिगेचर आधी सैल चढवा आणि रीड नंतर वरून, जाड बूड पुढं करून, लिगेचरच्या आत सरकवा. उलटं करायला जाल, म्हणजे आधी रीड ठेवून वरून लिगेचर घालाल, तर पितळेची कड कधी ना कधी रीडच्या टोकाला लागणारच. मामांच्या डबीतली दोन टोकं तशीच गेली असणार. मी स्वतः अशा शेकड्यानं घालवल्या आहेत, घाईत, ट्रकच्या मागं उभं राहून.

रीडला टोकाशी बोट लावायचं नाही. दोन्ही अंगठे बुडाशी, सालीच्या भागावर ठेवून तिथूनच हलवायचं. टोकाला रीडच्या वर माउथपीसची काळी रेघ दिसली पाहिजे, केसाएवढी. रीड त्याहून वर गेली की फुंकायला जड, खाली गेली की हलकी पडते पण आवाज पसरट आणि चिरकायला तयार. ही केसाएवढी जागा रोजची सारखी नसते. जड रीड जरा खाली घेतली, हलकी जरा वर घेतली, तर दिवस निभावतो. मग दोन्ही बाजू बघा, कडा सारख्या झाकल्या आहेत का. मग बूड बघा, तेही मधोमध हवं. टोक सरळ आणि बूड तिरकं असं फार वेळा होतं, आणि नवीन माणूस नेमकं बूड बघत नाही.

लिगेचरचे स्क्रू रीडच्या बाजूला आणि तुमच्या उजव्या हाताला यायला हवेत. डाव्या हाताला आले तर लिगेचर उलटं आहे. (काही लिगेचर मुद्दाम वर स्क्रू येतील अशी केलेली असतात, तुमचं जुनं पितळी तसं नसावं.) माउथपीसवर बारीक रेघा कोरलेल्या असतात, लिगेचर त्या रेघांच्या आत, आणि रीडच्या साल असलेल्या भागावरच. तासलेल्या भागावर चढलं तर रीड मुकी होते. खालचा स्क्रू बेताचा घट्ट, वरचा नुसता टेकलेला. घट्ट म्हणजे रीड बोटानं हलणार नाही इतकंच. पिळून पिळून बसवलं की रीडचं बूड वाकतं, आणि ते सुकल्यावर तसंच राहतं.

तारेचं काय करायचं? काढा ती. तार एकाच जागी दाबते. स्क्रू मिळेपर्यंत सुती जाड दोरा घ्या. लिगेचर येण्याआधी सगळे दोराच बांधायचे. पितळी स्क्रूचं लिगेचर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इव्हान म्युलर नावाच्या वादकानं आणलं असं मानतात, आणि जर्मनीत अजूनही बरेच जण दोराच वापरतात. माउथपीसचा घेर रीडसकट ९ सेंटिमीटरच्या आसपास. १४ वेढे म्हणजे सव्वा मीटर, वर गाठीला थोडा. वेढे खालून वर, एकाला एक चिकटून, ताण सारखा. आपला माउथपीस गुळगुळीत आणि वर निमुळता होत जातो म्हणून दोरा सटकतो, त्यावर मेण घासून घ्या. मी एका हंगामात दीड महिना दोऱ्यावर काढला. आवाज बिघडला तर नाहीच, मला तर तो जास्त मोकळा वाटला.

बसवून झालं की ही एक परीक्षा कराच. बॅरल काढा. माउथपीसचं खालचं भोक तळहातानं घट्ट बंद करा, टोक तोंडात घेऊन आतली हवा ओढून घ्या आणि तोंडातून बाहेर काढा. रीड माउथपीसला चिकटून राहिली आणि सेकंदा-दोन सेकंदांनी 'टप्' करून सुटली, तर बैठक बरोबर. लगेच सुटली तर कुठून तरी हवा जाते आहे. मग पुन्हा सोडून पुन्हा बसवायचं. मास्तर आम्हाला ती 'टप्' ऐकू आल्याशिवाय जोड लावू द्यायचे नाहीत.

माउथपीसबद्दल. घाटावरच्या भाऊंचा सल्ला चांगला आहे, त्यांचं चुकीचं नाही. पण टाकायच्या आधी मोजा. दातांच्या खुणा वरच्या अंगाला आहेत, त्यांचा आवाजाशी काही संबंध नाही. रीड बसते ते खालचं सपाट अंग, दोन्ही कडा आणि टोक, हे धड असेल तर माउथपीस धड. टोकावरून नख अगदी हलकं फिरवा, कुठं खरचटल्यासारखं लागलं तर टवका उडालाय. मग फट मोजा. शाळेत झेरॉक्सचा कागद असेलच. ५०० कागदांचा गठ्ठा साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. बोटभर रुंद पट्ट्या कापा. काचेवर माउथपीसचं सपाट अंग, रीड न लावता, दाबून धरा. टोक काचेपासून उचललेलं दिसेल. त्या फटीत अलगद किती पट्ट्या जातात ते मोजा. १० गेल्या तर १ मिलिमीटर. व्हँडोरेन कंपनीचा बी४५ माउथपीस पुष्कळांकडे असतो, तो १.१९५, म्हणजे १२ पट्ट्या. जेवढी फट मोठी तेवढी रीड हलकी लागते. रीडचा नंबर ही काही इयत्ता नाही, की पहिलीतून दुसरीत गेलो. एकाच मापात कापलेल्या रीड्स किती ताठ आहेत ते नंतर तपासून नंबर देतात, एवढंच.

मामांच्या डबीतल्या रीड्स तोंडात घेऊ नका. बोरूसारखी वनस्पती आहे ती, ओल धरते, बुरशी लागते. डबी तशीच पेटीत राहू द्या.

लाकडाची काळजी घ्या. किती वर्षं वाजलं नाही कुणास ठाऊक, पहिले काही आठवडे दिवसाला १०-१५ मिनिटांच्या वर नको आणि वाजवून झालं की आतून फडकं फिरवा. २०१९ च्या पुरात इथं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीभर होतं. पेटी तीन दिवस पाण्यात. माउथपीसला काही झालं नाही. पण मी वेड्यासारखं लाकूड उन्हात ठेवलं आणि वरचा जोड टिचला. सावलीत महिना लागला असता, पण वाचला असता. अजून मनाला लागतं.

पट्ट्यांचा आकडा कळवा.

तुंबा आणि तार (मिरज)

काळीपाच काकांनी काही ठेवलंच नाही सांगायला. मी फुंकवाद्यातला नाही, आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे बनतात. एकच भर घालतो.

माउथपीसचं अंग सपाट आहे का हे बघायला काचेवर खडूची पूड बोटानं अगदी पातळ पसरा आणि माउथपीस एकदाच टेकवून उचला. काळ्यावर पांढरं कुठं लागलं ते दिसेल. पण हात तिथंच थांबवा. मधोमध पांढरं लागलं नाही म्हणून पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका. काही माउथपीसचं ते अंग बनवतानाच मध्ये किंचित खोलगट ठेवतात, आणि टोकाकडचा उतार तर मुद्दाम दिलेला असतो. तंबोऱ्याच्या घोडीवर आम्ही जवारी काढतो, म्हणजे तार घुमावी म्हणून बारीक उतार देतो, तेव्हा कानस दोनदा जास्त फिरली तरी तार बोलायची थांबते. तो उतारही असाच, डोळ्याला दिसत नाही आणि कानाला कळतो. जे घासून गेलं ते परत घालता येत नाही.

घासायची तर रीड घासा. बूड वाकलेलं असेल तर काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून रीडची सपाट बाजू बुडाकडून चार-पाच वेळा, टोक पेपरच्या बाहेर ठेवून. तेवढ्यानं सपाट होते.

कोयनाकाठ (कराड)

काका आणि दादा, काल रविवारी सगळं करून बघितलं. आकडा : १३ पट्ट्या सहज गेल्या, १४वी अडकली. दोनदा मोजलं, मग मुलाकडून मोजून घेतलं. टोकाला टवका नाही. खडू दोन्ही कडांना सारखा लागला, मध्ये नाही. मी काही घासलं नाही.

रीड उजेडापुढं धरली तेव्हा टोक सरळ होतं आणि बूड उजवीकडं गेलेलं होतं, काका म्हणाले तसंच. आणि स्क्रू डावीकडं! तीन आठवडे मी लिगेचर उलटं घालत होते. तार काढली. दोऱ्याचे १४ वेढे देताना दोनदा सुटले, तिसऱ्यांदा मेण लावल्यावर राहिले. 'टप्' मात्र झालं नाही, रीड लगेच सुटते.

काळीपाच (सांगली)

१३ म्हणजे १.३ मिलिमीटर. मोकळा माउथपीस आहे. मामा उघड्यावर वाजवायचे, ताशा-ढोलाच्या वर आवाज न्यायचा, म्हणून असा माउथपीस आणि त्यावर हलकी रीड. आमच्यातही पुष्कळ जण असंच वाजवायचे. त्यावर तुम्ही ३ नंबर लावला. आमच्यातला जुना माणूससुद्धा थकला असता.

माउथपीस बदलू नका. २ नंबरची रीड घ्या, जड वाटली तर दीड. एकच नको, चार घ्या, बुडावर पेन्सिलनं १-२-३-४ लिहा, पाळीपाळीनं वापरा. नवीन रीड पहिल्या दिवशी पाचच मिनिटं. वाजवून झालं की पुसून सपाट जागी ठेवा, काचेचा तुकडा चालेल. माउथपीसवर लावून रात्रभर सोडू नका.

आणि माउथपीस तोंडात किती घ्यायचा, हे मघाशी राहिलं. रीड आणि माउथपीसच्या मधून कागदाची पट्टी वरून अलगद सोडा. ती जिथं अडते तिथं खालचा ओठ यायला हवा. खालचा ओठ दातांवर किंचित वळवलेला, वरचे दात चोचीवर टेकलेले. पहिले चार दिवस फक्त माउथपीस आणि बॅरल. एकच सूर, तो हलला नाही पाहिजे. तो स्थिर झाला की मग बाकीचे जोड. तेव्हा चिरकलं तर भोकं झाकणाऱ्या गाद्यांतून हवा जातेय असं समजा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

कोयनाकाठ (कराड)

काका, आज लिहायचंच होतं.

२ नंबरच्या रीड्स बुधवारी आल्या. दुसरी रीड लावली, बूड बघितलं, दोरा बांधला, हवा ओढली. टप्. स्वयंपाकघरातून मुलगा बाहेर आला, काय झालं म्हणून. मी परत करून दाखवलं, परत टप्.

मग बॅरल लावून फुंकलं. ओठ आवळले नाहीत. सूर आला, एकच, जाडसर, आणि हलला नाही. पंधरापर्यंत मोजलं.

वरचे दात टेकवायची जागा शोधावी लागली नाही. खुणा होत्याच, त्यांतच बसले.

आता फोनवर मामींना ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळानं म्हणाल्या, "ते सकाळी तोंड धुवायच्या आधी असंच करायचे, नुसतं तेवढंच." गाद्या दाखवायला सांगलीला यायचं म्हणते, मे महिन्याच्या सुट्टीत. तुम्ही असाल का?

काळीपाच (सांगली)

असेन. पेटी घेऊन या, दोरा सोडू नका, तसाच बांधून आणा. वेढे कसे दिलेत ते बघायचंय. खालच्या स्क्रूचं माप इथंच घेऊ, माझ्याकडं जुन्या लिगेचरांचा डबा आहे, त्यात एखादा निघेल.